दवबिंदूखालचा केक

केक सजवणाऱ्या कारागिराला गुरुग्राममधला मे महिना जड जातो की जुलै, या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर मे हेच आहे. १५ मे २०२२ रोजी या शहरात ४८.१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती आणि लोण्यातील स्निग्धांश तर ३२ ते ३५ अंशांच्या आसपासच पातळ होतो. मात्र केक उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधून काढून त्यावर आयसिंग चढवायचे असेल, तर हवेच्या उष्णतेपेक्षा तिच्यातील बाष्पाचा प्रश्न मोठा ठरतो.

हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली असता तिच्यातील बाष्पाने संपृक्त होते आणि पाणी सोडू लागते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यातील ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा बिंदू जेमतेम १० अंशांवर असतो. उलट पावसाळ्यात तापमान ३२ अंशांवर उतरले, पण आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली, की तोच बिंदू २८ अंशांपर्यंत चढतो. वातानुकूलित खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरल्यास, तो सुमारे १३ अंश येतो. केकचा पृष्ठभाग याहून थंड असेपर्यंत त्यावर दव साचतच राहते, त्यामुळे फ्रीजरमधून फ्रीजच्या ४ अंशांत आणलेला केकही धोक्याच्या बाहेर आलेला नसतो. प्लॅस्टिकच्या फिल्मचे आवरण केक पूर्ण निवळेपर्यंत काढू नये, या बेकरीतील नियमामागचे कारण हेच आहे: दव आवरणाच्या बाहेरच्या बाजूस धरते आणि आवरणासोबतच निघून जाते.

ऑनलाइन मागणीवर आणि मध्यरात्रीच्या वाढदिवसांवर चालणाऱ्या अशा शहरात स्पंज आधी भाजून गोठवून ठेवणे ही सोय आहेच, पण तिला शास्त्राचाही आधार आहे. केक शिळा होतो तो केवळ पाणी उडाल्याने नव्हे. भाजताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांशी जुळून स्फटिकासारखी रचना धरू लागतात, म्हणून तो कडक होतो, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत जलद, तर खोल गोठणीत जवळजवळ थांबलेली असते. गोठवलेल्या केकला शिळा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवलेला केक त्याच्याशेजारी ठेवून चाखून पाहावा.

अर्धवट निवळलेला स्पंज सुरीखाली घट्ट राहतो आणि त्याचा चुरा सुटत नाही. म्हणून कडा कापणे आणि चुरा बांधून ठेवणारा आयसिंगचा पहिला पातळ थर, म्हणजे क्रम्ब कोट, देणे ही दोन्ही कामे या अवस्थेत उत्तम साधतात. शेवटचा जाड थर मात्र तेव्हाच चढवण्याची घाई अंगाशी येते. स्पंजच्या छिद्रांतील हवा उणे १८ पासून २४ अंशांपर्यंत तापताना, दाब तोच राहिल्यास, सुमारे १६ टक्के प्रसरण पावते. बाहेर पडायला वाट न मिळाल्यास ती आयसिंगखाली साठते आणि गुळगुळीत केलेल्या बाजूवर काही तासांनी फुगवटा दिसू लागतो. तो आल्यावर बारीक सुईने टोचून हवा काढून देणे एवढाच उपाय उरतो.

दवाचा फटका सर्व आवरणांना सारखा बसत नाही. फॉन्डंट हा साखर, ग्लुकोज सिरप आणि ग्लिसरीन यांचा लगदा पाणी ओढून घेणारा असल्याने थोड्याशा दवानेही त्याचा पृष्ठभाग पाकासारखा चिकट होतो, आणि लाल किंवा काळा रंग वापरलेला असेल तर त्याचे ओघळ पांढऱ्या भागावर उतरतात. अशा वेळी पुसण्याचा मोह टाळून पंख्याच्या वाऱ्यात केक सुकू देणे बरे, कारण बोटाचा ठसा दवापेक्षा टिकाऊ असतो. दुधाची फेटलेली साय गोठून निवळली की तिच्यातील पाणी सुटते. वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ, पायसीकारके आणि स्थिरके असलेले नॉन-डेअरी व्हिप क्रीम हे चक्र बरेच चांगले सोसते, मात्र चवीत सायीची बरोबरी करत नाही.

या सगळ्याला अपवाद आहे आरशासारख्या चकाकणाऱ्या ग्लेझचा. ते सुमारे ३२ ते ३५ अंशांवर असताना पूर्ण गोठलेल्या मूस केकवरच ओततात, कारण थंडीशी गाठ पडताच त्यातील जिलेटिन आळते आणि थर जागीच बसतो. केकवर हिमाचा पापुद्रा राहिला असेल तर मात्र तोच थर नंतर घसरतो, म्हणून ओतण्यापूर्वी पृष्ठभागावरून हात फिरवून हिम काढावे लागते. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने शाकाहारी ग्राहकांसाठी ते चालत नाही, आणि समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार गोठून निवळल्यावर पाणी सोडते. त्यामुळे फळांपासून काढलेल्या पेक्टिनचे ग्लेझ तिथे अधिक उपयोगी पडते.