गॅप सर्टिफिकेटातले वर्ष

महाराष्ट्रात प्रवेशाच्या फायलीत गुणपत्रिका, टी.सी., जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे सगळे कागद असतात. त्यांतला विद्यार्थ्याच्या जगण्याला जरासा स्पर्श करणारा कागद एकच, गॅप सर्टिफिकेट. शिक्षणात एखादे वर्ष सुटले असेल, तर सेतू केंद्रात, तहसीलमध्ये किंवा नोटरीपुढे त्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. मजकूर ठरलेला असतो: अमुक वर्षी अर्जदाराने कोणत्याही शाळा-महाविद्यालयात प्रवेश घेतला नव्हता. कारण बहुधा एकच, 'घरगुती अडचण'. वडिलांचे दुखणे, ऊसतोडीचा हंगाम, वाया गेलेले पीक, क्वचित नाटकाचे वेडही या दोन शब्दांत गुंडाळले जाते.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला. अर्जाचा भाग एक, भाग दोन आणि दहापर्यंत पसंतीक्रम भरले की विद्यार्थ्याबद्दल जाणून घ्यायचे संपले. योगायोग असा की त्याच २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाला ७५ वर्षे पूर्ण झाली. या शहरातल्या महाविद्यालयांच्या दारात मुले कोणता अनुभव आणि कोणते वेड घेऊन आली, आणि दाराने त्यातले काय आत घेतले, याचा हिशेब मांडायला ही वेळ बरी आहे.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगून होतो. निजामाच्या राज्यात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघाले आणि मौलवी अब्दुल हक यांनी त्याचे प्राचार्यपद सांभाळले. पदवीसाठी मात्र हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे, आणि तिथे शिक्षण उर्दूतून. मराठी घरातल्या मुलाला आधी भाषेची भिंत ओलांडावी लागे, मग प्रवासखर्चाची. एवढे करून पोहोचणारे मोजकेच असत.

हे चित्र १९५० मध्ये बदलले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद शंका काढतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. म्हणजे महाविद्यालयाला नाव दिले गेले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे जातीच्या प्रश्नावरचे नाटक लिहिले. जातीचा अनुभव वर्गाबाहेर ठेवून यायची वस्तू नाही, हे या आवारात सुरुवातीपासूनच ठरून गेले होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि १९६० मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. हैदराबादचा फेरा चुकला.

या सगळ्या वाटचालीत थांबून पाहण्यासारखे दशक १९७२ ते १९८२ हे आहे. त्याची सुरुवात दुष्काळाने झाली. पाऊस सलग हुकला आणि मराठवाड्यातली गावेच्या गावे रोजगार हमीच्या कामांवर गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी केंद्रे. घरात मिलोची लाल भाकरी आणि शाळेत सुकडी. मॅट्रिक झालेला किंवा कॉलेजातून सुट्टीला आलेला मुलगा आईबापांशेजारी खडी फोडत बसे. अक्षर बरे असेल तर कित्येक ठिकाणी मस्टर लिहिण्याचे काम त्याच्याकडे येई. गावातल्या प्रत्येक घराचे हजेरीचे दिवस आणि त्यावर मिळालेली मजुरी त्याच्या नजरेखालून जाई. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसण्याआधी त्याला त्या विषयाचा एवढा अभ्यास घडलेला असे.

हीच मुले पुढच्या जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन नागसेनवनाच्या वसतिगृहांत आणि शहरातल्या इतर महाविद्यालयांत उतरली. भारत सरकारची शिष्यवृत्ती किंवा ई.बी.सी.ची सवलत हा त्यांचा आधार, आणि तो वेळेवर हाती पडेल याची खात्री नसे. प्रवेश तेव्हाही गुणांवरच होई; अर्जात दुष्काळाचा रकाना नव्हता. पण कला शाखेच्या वर्गात जागा मिळणे अवघड नव्हते, म्हणून आलेला मुलगा आपल्या सगळ्या गाठोड्यासह आत येऊ शके. त्या दशकाचे मोठेपण सांगताना हेही सांगितले पाहिजे की चाळणी बारीक नव्हती म्हणून ते शक्य झाले. मुलींसाठी मात्र हे दार अर्धेच उघडे होते. दुष्काळात घरचे पाणी कोणी आणायचे, हा प्रश्न बहुधा त्यांच्याच शिक्षणावर येऊन थांबे.

आत आल्यावर त्या गाठोड्याला जागा होती. गंगाधर पानतावणे आणि म. ना. वानखडे यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले होते, आणि पानतावण्यांच्या संपादनाखाली १९६८ पासून ते 'अस्मितादर्श' झाले. वसतिगृहातल्या मुलाला तिथे आपल्या वस्तीवर लिहिता येत होते, आणि लिहिले तर ते साहित्य म्हणून वाचले जात होते. १९७३ मध्ये विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला आणि कमलाकर सोनटक्के यांनी तो घडवला. गावच्या जत्रेतला तमाशा पाहून आलेल्या पोराला नाटक हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हे प्रथमच कळले. दशकाच्या शेवटाकडे शहरातल्या तरुणांची एक पिढी एकांकिका आणि स्पर्धांमध्ये रमली होती. त्यातून 'जिगीषा' ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही नावे पुढे आली. हे तरुण मुंबईला गेले आणि १९९१ मध्ये त्यांचे 'चारचौघी' रंगमंचावर आले. मराठी नाटकाला ही माणसे कोणत्याही प्रवेश परीक्षेने निवडून दिली नव्हती.

वेडाचे दुसरे रूप रस्त्यावर दिसले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी विद्यार्थ्यांनीच टाकली. रेल्वे, सिंचन, नोकऱ्या या मागण्यांसाठी मुले वर्ग सोडून बाहेर पडली आणि ज्येष्ठांनी त्यांचे कौतुक केले. चार वर्षांनी त्याच कौतुकाची परीक्षा झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. विकासाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या खांद्यावर हात ठेवणारे कित्येक वडीलधारे नामांतराच्या वेळी समोरच्या बाजूला उभे होते. मागणी रेल्वेची असली की विद्यार्थी जागृत, आणि नावाची असली की तो अभ्यासावरून मन उडालेला, असा हा न्याय होता. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ठरावानंतर जवळपास साडेपंधरा वर्षांनी. त्या वर्षांत कितीतरी मुलांचे एखादे वर्ष बुडाले. कोणाचे घर जळाले, कोणी तुरुंगात होते. कागदावर त्याची नोंद शिक्षणातील खंड एवढीच.

पुढची चाळीसेक वर्षे भराभर ओलांडता येतात, कारण त्यांची गोष्ट एकाच दिशेने जाते. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. शेजारच्या लातूरने गुणांची शेती करून दाखवली आणि तिला 'लातूर पॅटर्न' असे नाव पडले. मग राज्याची सीईटी आली, आणि २०१७ पासून वैद्यकीय प्रवेशाला 'नीट' सक्तीची झाली. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय जागांचे ७०:३० हे प्रादेशिक सूत्र, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देण्याचा नियम, रद्द झाले. मराठवाड्यात जागा कमी असल्याने ते रद्द करण्याची मागणी न्याय्यच होती. पण या सगळ्यात भांडण राहिले ते एका गुणाचे. अकरावी-बारावीची दोन वर्षे, म्हणजे नाटक, कविता, मैदान अंगात मुरण्याचे नेमके वय, क्लासच्या हवाली झाली. कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये मुलगा, ही व्यवस्था आता कोणाला खटकतही नाही.

छंदाला सरकारी कागदावर जागाच नाही, असे मात्र नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा आणि खेळातली कामगिरी यांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात एन.एस.एस., एन.सी.सी., क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक आहेत. म्हणजे वेडाची हजेरी घेतली जाते, तास मोजले जातात, फाइल तपासली जाते. या मुलाला हे वेड कुठून लागले, हा प्रश्न त्यातही येत नाही.

तो प्रश्न परदेशी विद्यापीठे विचारतात, पण त्यांचा इतिहासही फारसा निर्मळ नाही. १९२० च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी गुणांखेरीज 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व पाहायला सुरुवात केली, त्यामागे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्याचा हेतू होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. वंशामुळे आयुष्यात काय भोगले, हे निबंधात सांगायला मात्र वाव ठेवला. ब्रिटनमध्ये २०२६ च्या प्रवेशांपासून सलग निवेदनाऐवजी तीन नेमके प्रश्न आले. जिथे मुलाखत आणि निबंध असतात तिथे ओळख, उच्चार आणि ऐपत मागच्या दाराने शिरतात. त्या मानाने गुणांची यादी आंधळी आहे, आणि मराठवाड्यातल्या गरीब मुलाला त्या आंधळेपणाचा आधारही मिळाला आहे.

तरीही दोन्ही अर्ज शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून अनुसूचित जातींतली मुले बाहेरच्या विद्यापीठांत जातात. तिथल्या अर्जासाठी त्यांना आपल्याविषयी पानभर लिहावे लागते. गॅप सर्टिफिकेटात 'घरगुती अडचण' म्हणून मिटवलेले वर्ष तिथे पहिल्या परिच्छेदात येते. बारा वर्षांच्या शिक्षणात 'मी' या विषयावर खरे काही लिहायची सवय नसल्याने तेही कित्येकदा पैसे मोजून दुसऱ्याकडून लिहून घेतले जाते.

दर जून-जुलैत सेतू केंद्रांपुढे अजूनही रांग असते. प्रतिज्ञापत्राचा मजकूर तोच आहे. त्या वर्षाचा ऐवज मात्र पालटला आहे. 'नीट'ला कितीही वेळा बसता येते, त्यामुळे आज सुटलेले वर्ष पुष्कळदा रिपीटर बॅचचे असते. खोलीत एक कॉट, भिंतीवर आवर्त सारणी आणि मागच्या परीक्षेचा गुण. या वर्षाबद्दल प्रतिज्ञापत्रात लिहिलेले वाक्य मात्र शब्दशः खरे असते.