वाळवंटातील समुद्र
अमिरातीतील मराठी बालकास घरून ठाऊक असतो तो सह्याद्रीचा काळा पाषाण, लाव्हारसातून जन्मलेला. आपल्या मॉरिशसचाही त्याच जातीचा. अल ऐनजवळील जेबेल हफीत मात्र चुनखडीचा असून त्यात प्रवाळादी सागरी जीवांचे अवशेष सापडतात. भूगोलाचा तास तेथेच व्हावा! वाळवंटात समुद्र कोठून आला, हे कळले की खनिज तेलही उमगते. सागरतळी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांचे कोट्यवधी वर्षांनी ते तेल झाले. अबू धाबीतून ते १९६२ साली प्रथम परदेशी गेले. गेलेले तेल माणसाच्या हयातीत पुन्हा होत नाही, हे ऐकताच एखादे मूल विचारते, "मग बाबांची नोकरी?" शिक्षकाने त्यास २०१३ साली सुरू झालेल्या शम्स सौर प्रकल्पाविषयी अवश्य सांगावे, पण प्रश्न टाळू नये.