आठ दिवसांची सेवा

अमेरिकेतल्या चर्चचे तरुण सुट्टीत आठ-दहा दिवस परदेशी सेवेला जातात. भिंती रंगवतात, मुलांशी खेळतात. हेतू चांगला, मान्य. पण तेवढ्यानं कृती चांगली ठरते का? एप्रिल १९६८. मेक्सिकोतल्या कुएर्नावाकामध्ये इव्हान इलिच यांनी अशाच विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, मदतीला नको. सांगणारे स्वतः कॅथलिक धर्मगुरू, बरं का! भाषाच येत नसेल, तर लोक आपल्याबद्दल काय म्हणतात तेही आपल्याला कळणार नाही, हा त्यांचा मुद्दा.

आता कंबोडिया पाहू. तिथल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. पाहुण्यांबरोबर देणग्या येतात, म्हणून काही ठिकाणी मुलं घरून आणली जातात. त्यांना दर आठवड्याला नवी ताई लळा लावते आणि विमानानं परत जाते.