हत्तीची पाठ का वाळली?

आमच्या गटाची रोपवाटिका तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलाने आमच्याकडे हिरवा हत्ती मागितला. तारेचा सांगाडा, आत मॉस म्हणजे वाळवलेलं शेवाळ ठासून भरलेलं आणि अंगावर वेलाची हिरवी झूल. आम्ही हौसेने केला, पोचवला. महिन्याभरात पाठ करपली आणि पाय कुजले! अर्धे पैसे परत करावे लागले.

चूक आमचीच. रोज झारीने सगळीकडे सारखं पाणी घाला, असं आम्ही सांगून आलो होतो. पण पाणी खाली ओघळतं. ऊन-वारा लागतो पाठीला, आणि साचतं पायात. बरं, मॉस स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं खरं, पण एकदा का ते कडकडीत वाळलं की पाणी वरूनच निसटतं. मग झारी उपयोगाची नाही. बारीक धार धरून तास-दीड तास मुरू द्यावं लागतं.

आता आम्ही मॉस रात्रभर भिजवतो, हाताने पिळतो आणि पायांपासून वर भरत जातो. आत पोकळी राहिली की तिथलं मूळ वाळलंच म्हणून समजा. भरून झालं की तंगूस गुंडाळतो. मॉस विकतचं, महाग. म्हणून पोटात काथ्या आणि बाहेरून दोन इंच मॉस. काथ्यात मीठ असतं, तेव्हा तो तीन-चार पाण्यांतून धुवायचाच. आंब्या-फणसाच्या खोडावरचं शेवाळ खरवडून आणू, असं कुणीतरी सुचवतंच. ते करू नका. ते इतकं पाणी धरत नाही, आणि खोडावरच्या आमरीचा आधार मात्र जातो.

लावायला भिंतीला चिकटून चढणारा बारीक पानांचा वेल घ्यावा, रोपवाटिकेत त्याला फायकस पुमिला म्हणतात. मुळं फुटलेलीच रोपं घ्या. काडीने भोक पाडून मुळं पूर्ण आत जाऊ द्या, दाबा, आणि वेल तारेच्या आकड्याने अंगाला टेकवा. लोंबता ठेवला तर तो धरत नाही. शेंडे खुडत राहिलं की फांद्या फुटून अंग भरतं. मॉसमध्ये खत असं नसतंच, म्हणून पंधरा दिवसांनी गाळलेलं व्हर्मीवॉश दहापट पाण्यात.

आणि पाणी? आधी पाठीत बोट खुपसायचं. ओलं लागलं तर त्या दिवशी नाही. कोरडं लागलं तर फक्त पाठीवर, सावकाश. पायांना वेगळं पाणी नको. दुपारचं ऊनही नको.

हल्ली मागणी घेताना किमतीच्या आधी आम्ही विचारतो, पाणी कोण घालणार? दुसरा हत्ती पोचवला तेव्हा तिथल्या मावशींना बोलावलं, त्यांचं बोट पाठीत घालून ओल दाखवली, मगच टेम्पो परत फिरवला.