एआरटीची गोळी आणि गल्लीतला डॉक्टर
दिल्लीत मुनिरकात भाड्याने राहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. सरकारी एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल थेरपी) केंद्रांत एचआयव्हीचं औषध २००४पासून मोफत मिळतं. असं केंद्र जवळच एम्समध्ये आहे. बहुतेक रुग्णांना रोज एकच गोळी: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राव्हिर एकत्र. पण ताप, पित्त घेऊन आपण जातो गल्लीतल्या डॉक्टरकडे आणि तिथे ही गोळी लपवतो. कृपा करून लपवू नका. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड डोलुटेग्राव्हिर नीट शोषूच देत नाही. अँटासिडच्या दोन तास आधी किंवा त्यानंतर सहा तासांनी गोळी घ्यावी. क्षयावरचं रिफाम्पिसिन सुरू असेल, तर डोलुटेग्राव्हिरचा दिवसातून दुसरा डोसही लागतो. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे. शंका असल्यास १०९७ वर मोफत फोन करा.