टरबुजाच्या बीची टोपी कोण काढतं?

आखाजी जवळ आली की पारोळ्यात टरबुजांचे ढीग दिसू लागतात. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला ट्रॉल्या उभ्या राहतात, विक्रेता एक फळ कापून लालभडक फोड वर ठेवतो, आणि मग घरी जाताना पिशवी जड झाल्याशिवाय राहत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याला कलिंगड म्हणतात, आपण टरबूज म्हणतो. आणि आखाजीच्या घागरीवर ठेवतो ते डांगर, म्हणजे खरबूज. पुण्यात डांगर म्हणालात तर लाल भोपळा हातात देतील, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं!

तर टरबूज खाताना बिया थुंकायची शर्यत लावता ना? या सुट्टीत त्यातल्या चाळीसेक बिया थुंकू नका, वाटीत जमा करा. कारण एवढ्याशा बीच्या आत एक असं अवजार तयार होतं, की ते बघायला शास्त्रज्ञांनी तिच्या चुलत बहिणीला थेट अंतराळात पाठवलं होतं.

पण त्याआधी एक कोडं. लहानपणी तुम्हालाही कुणीतरी घाबरवलं असेल, "बी गिळली तर पोटात वेल उगवेल!" तसं काही होत नाही, बी निमूट बाहेर पडते. पण मला नेहमी वेगळाच प्रश्न पडायचा. बी उगवायला काय लागतं? ओल आणि ऊब. टरबुजाच्या शंभर भागांत बाण्णव भाग तर पाणीच असतं. बाहेर खानदेशचं ऊन, आत एवढं पाणी. मग बी फळातल्या फळातच का उगवत नाही?

कारण ते साधं पाणी नसतं, साखरेचं पाणी असतं. लोणच्यातलं मीठ जसं कैरीतलं पाणी ओढून घेतं, तसंच गोड रसाच्या वेढ्यात असलेल्या बीला हवं तेवढं पाणी आत ओढता येत नाही. शिवाय अशा फळांमध्ये उगवण रोखून धरणारी द्रव्यंही असतात. थोडक्यात, आई मुलांना सांगते, "अजून झोपा, वेळ झालेली नाही." म्हणून बी पेरायची असेल तर आधी ती चोळून स्वच्छ धुवायची, सगळा गर काढायचा आणि चार-पाच दिवस सावलीत वाळवायची.

आता अवजाराची गोष्ट. बी हातात घेऊन बघा. एक टोक निमुळतं असतं, दुसरं गोल. निमुळत्या टोकाकडून आधी मूळ बाहेर येतं आणि खाली वळतं. मागे टरफलात दोन जाड पानं घडी घालून बसलेली असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना बीजपत्रं म्हणतात. आता या पानांना टरफलातून सुटायचं आहे. टरफल तर लाकडासारखं टणक! तुम्ही घट्ट टी-शर्ट काढताना काय करता? कुणीतरी खालून टोक धरलं की पटकन निघतो, नाहीतर डोक्यात अडकतो. बीला तर हात नाहीत. टोक धरणार कोण?

खुंटी धरते! मूळ आणि खोड जिथे जोडलेले असतात, बरोबर तिथे, खालच्या बाजूला, एक छोटासा उंचवटा फुटतो. तो टरफलाच्या खालच्या ओठात अडकतो आणि त्याला मातीत दाबून धरतो. तेवढ्यात वरचं खोड कमानीसारखं वाकून वर जोर लावतं. खालून खुंटीने धरलंय, वरून कमान ओढतेय. टरफल उघडतं, पानं सर्रकन बाहेर येतात, आणि रिकामी टोपी मातीतच राहते. काम झालं की खुंटी पुढे वाढत नाही. चार्ल्स डार्विनने १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर पुस्तक लिहिलं, त्यात भोपळ्याच्या कुळातल्या बीची ही युक्ती वर्णन केलेली आहे.

काकडी, दुधी, गिलकी, दोडकी, भोपळा, डांगर, टरबूज ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. म्हणून खुंटीची कला या घराण्यात चालत आलेली आहे.

पण बी मातीच्या आत, अंधारात. तिला डोळे नाहीत. मग खाली कुठे आणि वर कुठे हे तिला कसं कळतं? खुंटी चुकून वरच्या बाजूला का फुटत नाही?

शास्त्रज्ञांना वाटलं, हे गुरुत्वाकर्षणाचं काम असणार. पण पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण बंद करून कसं बघणार? म्हणून २९ ऑक्टोबर १९९८ रोजी डिस्कव्हरी अंतराळयान उडालं, तेव्हा जपानी शास्त्रज्ञांनी त्यातून काकडीच्या बिया पाठवल्या. (याच यानात ७७ वर्षांचे जॉन ग्लेन होते आणि जपानच्या चिआकी मुकाईसुद्धा.) तिथे, जिथे वर-खाली असं काही नसतंच, बियांना पाणी मिळालं आणि त्या उगवल्या. सांगा बघू, खुंटी फुटली असेल का?

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, नसेल फुटली. पण फुटली. एक नाही, दोन! दोन्ही बाजूंना एकेक.

याचा अर्थ कळला का? बी मुळात दोन्हीकडे खुंटी काढायची तयारी ठेवून असते. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण येतं आणि वरच्या बाजूच्या खुंटीला सांगतं, "तू नको, तुझं काम नाही." आपण समजत होतो की गुरुत्वाकर्षण खालची खुंटी घडवतं. प्रत्यक्षात ते वरची थांबवतं. वनस्पतींच्या अंगात ऑक्सिन नावाचं वाढीचं द्रव्य असतं, ते वरच्या बाजूला कमी पडतं म्हणून तिथली खुंटी फुटत नाही. मला तर हा शोध टरबुजापेक्षाही गोड वाटतो.

आता आपल्या शेतकऱ्यांच्या एका सवयीकडे बघा. बी लावताना ते ती आडवी ठेवतात आणि वर बोटाच्या पेराएवढी माती लोटतात. आडव्या बीला एका बाजूला पक्की खुंटी मिळते, आणि वरच्या मातीचं वजन टरफल धरून ठेवायला मदत करतं. माती फारच कमी असेल, किंवा कोरडी पडली, तर रोप टोपी घालूनच वर येतं. पानं आत कोंडलेली राहतात. असं झालं तर ओढाओढ करू नका. टोपीवर पाण्याचे थेंब टाकून ती मऊ होऊ द्या, मग अलगद काढा.

आणि लावायचं कधी? थंडीत नाही! डिसेंबरच्या रात्री खानदेशात पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि टरबुजाच्या बीला तर पंचवीस-तीस अंशांची उबदार माती लागते. गार, ओल्या मातीत ती उगवण्याऐवजी कुजते. म्हणून आखाजीपासून सुमारे तीन महिने मागे मोजा. संक्रांतीनंतर थंडीचा जोर ओसरतो, तीच वेळ. तापी आणि गिरणेच्या काठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. नदीचं पाणी आटलं की वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत आणि गाळाची माती भरायची आणि बी लावायची. दिवसा वाळू लवकर तापते, ऊब मिळते. खाली ओल असते, मुळं तिथवर पोचतात. आता शेतांमध्ये गादीवाफे, ठिबक आणि मल्चिंगचा कागद आला आहे, पण बीची मागणी तीच आहे, ऊब आणि ओल.

वेलावर आधी नरफुलं येतात, मग मादीफुलं. मादीफुलाच्या खाली शेंगदाण्याएवढं केसाळ टरबूज आधीपासूनच असतं, त्यावरून ते ओळखायचं. फूल फक्त एका सकाळपुरतं उघडतं. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी त्यावर कितीतरी फेऱ्या मारल्या तर फळ गोल भरतं. परागकण कमी पडले तर ते एका बाजूने चेपलेलं, वाकडं होतं. म्हणून वेल फुलावर असताना सकाळी औषध फवारायचं नसतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. बाजारातलं टरबूज बहुतेक वेळा संकरित वाणाचं असतं. त्याच्या बीपासून वेल येईल, फळही लागेल, पण ते आईसारखंच गोड निघेल असं नाही.

पण खुंटी बघायला टरबुजाची कुठलीही बी चालते, त्यासाठी संक्रांतीची वाटही बघायला नको. एका पसरट भांड्यात नदीची बारीक वाळू घ्या, ओली करा. दहा बिया आडव्या लावा, दहा निमुळतं टोक खाली करून उभ्या, दहा टोक वर करून. सगळ्यांवर सारखीच वाळू. भांडं माठाजवळ सावलीत ठेवा आणि वाळू सुकू देऊ नका. उरलेल्या दहा बिया दुसऱ्या वाटीत आडव्या लावा आणि तिसऱ्या दिवसापासून रोज एक उकरून भिंगातून बघा, खुंटी कुठल्या बाजूला आहे. पहिल्या भांड्यातली रोपं वर आली की मोजा, टोपी घालून किती आली आणि टोपी काढून किती.

तिन्ही रांगांचे आकडे पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. आणि हो, खुंटीचं चित्रही काढा.