मनगटावरचा हिशेब आणि पुढचा घाट

शनिवार-रविवार मालवण-तारकर्लीला जायचं, सकाळी स्कुबा डायव्हिंग, दुपारी माशांचं जेवण आणि लगेच गाडी काढून आंबोली घाटाने घरी. असा बेत हल्ली अनेकांचा असतो. हौसेखातर प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटं पाण्याखाली जाऊन येणाऱ्यांनी धास्तावण्याचं कारण नाही. पण रीतसर शिकून, सलग दोन दिवस, दिवसाला दोन-तीन वेळा पंधरा-वीस मीटर उतरणाऱ्यांनी हा घाट हिशेबात धरायला हवा. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तो धरत नाही.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. भराभर वर आलं की गोटी सोडा उघडल्यासारखी गत होते. वायूचे बुडबुडे सुटतात. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, मुंग्या येणं, क्वचित पाय लुळे पडणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. या आजाराला डिकम्प्रेशन सिकनेस किंवा ‘बेंड्स’ म्हणतात.

डाइव्ह कॉम्प्युटर तुमच्या रक्तातलं काहीही मोजत नाही. त्याच्याकडे दाब मोजणारा सेन्सर आणि घड्याळ एवढंच असतं. बाकी सगळं गणित. ते गणित जुनं आहे. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये पहिले तक्ते दिले. शरीराचे काही भाग नायट्रोजन पटकन घेतात आणि सोडतात, काही रेंगाळतात, ही त्यांची मूळ कल्पना. झुरिचचे डॉक्टर अल्बर्ट ब्यूलमन यांनी पुढे असे 16 काल्पनिक कप्पे मानले. सर्वांत चपळ कप्पा 4 मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत संथ कप्प्याला 635 मिनिटं लागतात. आजचे कित्येक कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी याच कप्प्यांचा जमाखर्च मांडतात आणि या खोलीवर आणखी किती मिनिटं थांबता येईल, ते दाखवतात.

ब्यूलमन स्वित्झर्लंडचे, हे इथे महत्त्वाचं. तिथले पाणबुडे डोंगरातल्या सरोवरांत उतरतात आणि तिथे हवेचा दाब मुळातच कमी. समुद्रात 20 मीटरवरून वर येताना दाब 3 वरून 1 वर येतो, म्हणजे एक तृतीयांश होतो. तीच 20 मीटरची डाइव्ह 3,800 मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात केली, तर दाब सुमारे 2.6 वरून 0.63 वर, म्हणजे एक चतुर्थांशाखाली जातो. खोली तीच, धोका मात्र जास्त. म्हणून ब्यूलमन यांनी पृष्ठभागावरचा दाबही गणितात घेतला. बरेच कॉम्प्युटर तो आपोआप मोजतात, काहींमध्ये उंची हाताने भरावी लागते. काही फक्त सुरू होताना हवेचा दाब टिपतात, त्यामुळे ते काठावरच सुरू करावेत.

आपल्याकडे अडचण उलटी आहे: डाइव्ह समुद्रात आणि चढण नंतर. आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे, म्हणजे दाब साधारण आठ टक्के कमी. विमानाच्या केबिनमध्ये तो 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असावा इतका उतरतो. म्हणून एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. बहुतेक कॉम्प्युटरवर त्यासाठी विमानाचं चिन्ह दिसतं. घाटाचं चिन्ह नसतं! अमेरिकी नौदलाचे तक्ते मात्र 1,000 फुटांपासूनच ही काळजी घेतात. किती तास थांबायचं, ते अंगात किती नायट्रोजन उरलाय त्यावर ठरतं. छोट्या, उथळ डाइव्हनंतर बहुधा थांबावं लागत नाही. दोन दिवस भरपूर डाइव्ह केल्या असतील, तर शेवटची सकाळ कोरडी ठेवावी आणि त्यानंतर निघावं.

आणखी एक. रात्रीची झोप झाली नाही, पाणी कमी प्यायलं, थंडी वाजली, प्रवाहाविरुद्ध हातपाय मारले, यातलं बरंचसं कॉम्प्युटरला कळत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी खांदा ठणकायला लागला, तर ‘सिलिंडर उचलला म्हणून असेल’ असं ठरवून बाम चोळत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि डाइव्ह केली होती, हे आधी सांगा. उपचार शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षाचे असतात. कॉम्प्युटरही सोबत न्या, प्रत्येक डाइव्हची वेळ आणि खोली त्यात नोंदलेली असते.